व्हेरिकोज व्हेन्स : पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायांच्या फुगलेल्या शिरांविषयी पुणे शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. ते विचारणाऱ्यांत चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत पाळीभर उभे राहणारे कामगार आहेत, लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांतले विक्रेते आहेत, शिक्षिका आहेत आणि दिवसाचे कित्येक तास ओट्यापुढे जाणाऱ्या गृहिणीही आहेत. मूलभूत प्रश्न आधी आणि अपवादाचे प्रश्न नंतर घेतले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे असल्यास तेथील क्रमांक दिला आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा ही माहिती घेऊ शकत नाही.

१. व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे नेमके काय? पायावर दिसणारी प्रत्येक निळी शीर म्हणजे हा आजार का?

नाही. पायातील रक्ताला हृदयाकडे परतताना वर चढावे लागते. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांमधील रक्त वर ढकलले जाते आणि शिरांच्या आत असलेल्या नाजूक झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त उलटे खाली येते, त्वचेखालच्या शिरांत साचते आणि त्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणारी मोठी शीर आणि पोटरीच्या मागून गुडघ्यामागे जाणारी लहान शीर, या दोन मुख्य शिरांमध्ये हा बिघाड सर्वाधिक आढळतो. उभे राहिल्यावर तीन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद दिसणाऱ्या शिरेला व्हेरिकोज व्हेन म्हणतात. एक मिलिमीटरहून बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-जांभळ्या रेषा बहुधा केवळ दिसण्याचा प्रश्न असतात. सडपातळ किंवा व्यायाम करणाऱ्या व्यक्तीच्या पायावर उठून दिसणाऱ्या सरळ शिरा हा तर आजारच नव्हे.

२. हा आजार का होतो? माझे काम उभ्याचे आहे, म्हणून झाला असेल का?

काम हे एक कारण असू शकते, परंतु ते एकटे क्वचितच पुरेसे असते. आई-वडिलांपैकी कोणाला हा त्रास असणे, वाढते वय, गरोदरपण, जास्त वजन आणि पूर्वी पायाच्या खोल शिरेत गुठळी झालेली असणे, ही महत्त्वाची कारणे आहेत. त्यामुळेच एकाच यंत्रावर वर्षानुवर्षे काम केलेल्या दोघांपैकी एकाच्याच पायावर शिरा दिसतात.

उभे राहणे आणि चालणे यांतला फरक मात्र प्रत्येकाने ध्यानात घ्यावा. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका असतो. झडपा निरोगी असतील तर चालू लागताच पोटरीच्या स्नायूंमुळे तो ३० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. झडपा बिघडलेल्या पायात तो पुरेसा उतरत नाही आणि त्वचेला दिवसभर तो दाब सोसावा लागतो. ज्यांना काम सोडता येत नाही, त्यांनी दर अर्ध्या तासाने टाचा उचलून पंचवीस-तीस वेळा पोटऱ्या आवळाव्यात. सतत बसून राहणेही पोटरीला काम देत नाही, त्यामुळे हिंजवडीत संगणकापुढे बसणाऱ्यांनाही हाच सल्ला लागू पडतो.

३. पाय दुखतात हे खरे, पण ते दुखणे या शिरांचेच आहे हे कसे ओळखावे?

शिरांमुळे होणारा त्रास दिवसागणिक सारख्या पद्धतीने येतो. सकाळी पाय हलके असतात, संध्याकाळी जड होतात, घोट्यावर सूज येऊन मोज्याच्या कडेचा वण उमटतो, खाज सुटते, रात्री पोटरीत गोळे येतात आणि पाय उंचावर ठेवले की आराम वाटतो. कमरेपासून किंवा कुल्ल्यापासून पायात उतरणारी कळ बहुधा मणक्यातील नसेची असते. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी आवळून येणे आणि थांबताच ते जाणे हे धमनी अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. जिना उतरताना दुखणारा गुडघा वेगळा, आणि मधुमेही व्यक्तीच्या तळव्यांची रात्रीची आग वेगळी.

हा भेद आम्ही आग्रहाने सांगतो, कारण दुखणे मणक्याचे आणि उपचार शिरेवर असे झाले तर शिरा नाहीशा होतात, पण दुखणे तसेच राहते. शिरांचा आकार आणि त्रास यांचे प्रमाणही जुळतेच असे नाही: मोठमोठ्या शिरा असलेल्या काहींना काहीच होत नाही, तर जेमतेम दिसणाऱ्या शिरांनी काही जण बेजार होतात.

४. काही दुखत नसेल तर उपचार न घेता राहिले तर चालेल का?

अनेकांच्या बाबतीत चालते. नुसत्या शिरा दिसत असतील, सूज नसेल आणि त्वचा निरोगी असेल, तर चालणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि अधूनमधून तपासणी इतके पुरते. अशा व्यक्तीला कोणी भीती घालून लगेच प्रक्रिया करण्यास सांगत असेल, तर तिने दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

चित्र बदलते ते त्वचा बदलू लागली की. डॉक्टर या आजाराच्या पायऱ्या शून्य ते सहा अशा मोजतात. दुसऱ्या पायरीला फुगलेल्या शिरा, तिसरीला सूज, चौथीला त्वचेतील बदल, पाचवीला भरून आलेला व्रण आणि सहावीला उघडा व्रण असतो. चौथ्या पायरीची सुरुवात बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला, किंचित वर होते. तेथे शिरांतून बाहेर झिरपलेल्या तांबड्या पेशींमधील लोह साठते आणि त्वचा तपकिरी-काळी पडते. मग ती कोरडी होते, खाजते, नंतर कडक व चिवट होते, आणि एखाद्या दिवशी सायकलच्या पॅडलचा किंवा दाराच्या कडेचा साधा ओरखडा महिनोन्महिने भरत नाही.

या काळ्या डागाला गजकर्ण किंवा ॲलर्जी समजून औषधांच्या दुकानातून मलमे आणून लावण्यात कित्येकांची वर्षे जातात. स्टेरॉइड असलेली मलमे दीर्घकाळ वापरल्याने तेथील त्वचा आणखी पातळ होते. घोट्याजवळचा डाग आणि त्याच पायावर फुगलेल्या शिरा असे एकत्र दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये.

व्रण झाल्यावर तो भरेपर्यंत शिरेचा उपचार थांबवावा, ही समजूतही जुनी झाली आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एव्रा’ चाचणीत ४५० रुग्ण होते आणि दोन्ही गटांना दाबपट्टी बांधली जात होती. ज्यांच्या शिरेवर लवकर उपचार झाला, त्यांचे व्रण भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस होता, तर उपचार पुढे ढकललेल्यांचा ८२ दिवस.

५. कोणत्या डॉक्टरांकडे जावे आणि कोणती तपासणी करावी लागते?

रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन, हे या विषयाचे तज्ज्ञ होत. अनुभवी जनरल सर्जन आणि इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टही हे उपचार करतात. मुख्य तपासणी म्हणजे पायाच्या शिरांची कलर डॉप्लर सोनोग्राफी. तिला उपाशी राहावे लागत नाही आणि ती दुखतही नाही.

ती उभे करून झाली की नाही, याकडे रुग्णाने स्वतः लक्ष द्यावे. उलटा प्रवाह गुरुत्वाकर्षणामुळे होतो. त्यामुळे केवळ झोपवून, घाईने केलेल्या तपासणीत तो निसटू शकतो. पोटरी दाबून सोडल्यावर वरवरच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उलटे वाहिले तर झडप निकामी मानतात. अहवालात खोल शिरा मोकळ्या आहेत का, दोन्ही मुख्य शिरांपैकी कोणत्या शिरेत उलटा प्रवाह आहे, तो कोठून कोठपर्यंत आहे आणि शिरेची रुंदी किती आहे, हे सर्व लिहिलेले असावे. त्वचेवर दिसणाऱ्या गाठी हा या आजाराचा शेवटचा टप्पा असतो आणि मूळ बहुधा वर, जांघेत किंवा गुडघ्यामागे असते. म्हणून डॉप्लरशिवाय ठरवलेला उपचार स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

६. स्टॉकिंग्ज घातल्याने आजार बरा होतो का? आणि पुण्याच्या उन्हाळ्यात ते घालायचे कसे?

बरा होत नाही. स्टॉकिंग्ज बाहेरून दाब देऊन सूज आणि जडपणा कमी करतात. ते काढले की झडपा पूर्वी होत्या तशाच असतात. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की प्रक्रिया करणे योग्य असलेल्या रुग्णाला नुसते स्टॉकिंग्ज देऊन थांबू नये. तरीही गरोदरपणात, प्रक्रिया नको असलेल्यांसाठी आणि व्रण पुन्हा होऊ नये यासाठी त्यांचा उपयोग मोठा आहे.

नेहमी वापरला जाणारा दुसऱ्या श्रेणीचा दाब पाऱ्याच्या २३ ते ३२ मिलिमीटर इतका असतो. घोटा आणि पोटरी यांची मापे सकाळी, सूज नसताना घ्यावीत आणि मगच ते विकत घ्यावेत. दुसऱ्याचे जुने स्टॉकिंग्ज वापरू नयेत. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचे पुरतात. अंथरुणातून उठल्याबरोबर घालावेत, रात्री काढावेत, आणि वरची कड दुमडू नये, कारण दुमडलेली कड गुडघ्याखाली आवळून रक्त अडवते. घरी गुंडाळलेल्या क्रेप बँडेजचाही हाच धोका असतो. साधारण सहा महिन्यांत कापडाचा ताण जातो, तेव्हा नवे घ्यावेत.

एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर ते सहन होत नसतील, तर निदान कामावर उभे राहण्याच्या वेळेत घालावेत आणि घरी आल्यावर काढून पाय उंच ठेवावेत. अजिबात न घालण्यापेक्षा अर्धा दिवस घातलेले बरे. मधुमेह असल्यास आधी प्रश्न ७ वाचावा.

७. मला मधुमेह आहे. मी दाबाचे स्टॉकिंग्ज घालू का?

धमन्या तपासल्याशिवाय घालू नयेत. धमनी अरुंद असलेल्या पायावर बाहेरून दाब दिला तर बोटांपर्यंत रक्त पोहोचणे बंद होऊन पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. यासाठी घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब असे गुणोत्तर काढतात. ते ०.८ पेक्षा कमी असेल तर नेहमीचा दाब टाळावा लागतो आणि ०.५ च्या खाली असेल तर तो देऊच नये. मधुमेहात धमन्यांच्या भिंती कडक झालेल्या असल्याने हे गुणोत्तर खोटे चांगले येऊ शकते, म्हणून डॉक्टर डॉप्लरची किंवा अंगठ्यातील दाबाची जोड देतात. तंबाखू किंवा विडी-सिगारेटचे व्यसन असलेल्यांनाही हीच सावधगिरी लागू आहे.

८. लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, ग्लू, फोम आणि जुनी शस्त्रक्रिया यांत फरक काय? चांगले कोणते?

या सर्वांचा हेतू एकच असतो: निकामी शीर वापरातून बाद करणे, म्हणजे रक्त निरोगी शिरांनी जाईल. लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये गुडघ्याजवळ किंवा त्याखाली सुईने शिरेत बारीक तार सरकवतात, शिरेभोवती भुलीचे पातळ द्रावण सोडतात आणि आतून उष्णता देत तार मागे घेतात. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या प्रचलित पद्धतीत हे तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. शीर आक्रसून बंद होते आणि पुढे काही महिन्यांत शरीर ती जिरवून टाकते. या दोहोंच्या परिणामांत रुग्णाने एकच एक हट्ट धरावा इतका फरक नाही.

ग्लूमध्ये शीर चिकटवून बंद करतात. त्यात उष्णता नसल्याने भुलीच्या अनेक सुया टळतात, पण खर्च जास्त असतो आणि काहींना त्या जागी लाली व खाज येते. फोममध्ये पोलिडोकॅनॉलसारखे औषध हवेत किंवा वायूत घुसळून त्याचा फेस शिरेत सोडतात. तार जाणार नाही अशा वाकड्या शिरांना, पूर्वी शस्त्रक्रिया होऊन पुन्हा उद्भवलेल्या शिरांना आणि वृद्धांना तो सोयीचा पडतो. मात्र शीर पुन्हा उघडण्याची शक्यता त्यात अधिक असते आणि त्वचेवर तपकिरी डाग राहू शकतो. जांघेत छेद घेऊन शीर ओढून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया आजही चुकीची ठरत नाही, फक्त तिला विश्रांती अधिक लागते. ‘नाइस’च्या सूचनांत उष्णतेच्या पद्धतींना पहिली, फोमला दुसरी आणि शस्त्रक्रियेला तिसरी पसंती आहे. त्वचेवरच्या गाठी बारीक छिद्रांतून वेगळ्या काढाव्या लागू शकतात.

धोके कमी आहेत, पण शून्य नाहीत. काळे-निळे पडणे आणि ओढल्यासारखे वाटणे हे नेहमीचे, एखादा भाग बधिर होणे अधूनमधून घडणारे, तर खोल शिरेत गुठळी होणे क्वचित. चौकात झळकणाऱ्या ‘अर्ध्या तासात कायमचा इलाज’ अशा फलकांवर यांपैकी काहीच लिहिलेले नसते. म्हणून हे प्रश्न डॉक्टरांना आपणच विचारावेत.

९. शीर बंद केली तर रक्त वर कसे जाणार?

पायातील बहुतांश रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांनी वर जाते. बंद केली जाणारी वरवरची शीर रक्त नेण्याऐवजी खाली सोडत असते, त्यामुळे ती गेल्याने पायावरचा भार हलका होतो. खोल शिराच बंद असतील तर मात्र हिशेब उलटा होतो. त्यासाठी प्रश्न १५ पाहावा.

१०. पुढे हृदयाचा बायपास करावा लागला तर हीच शीर लागते ना?

निरोगी असेल तर लागते. फुगलेली, झडपा गेलेली शीर सहसा त्या कामासाठी योग्य राहत नाही, आणि छातीच्या आतली किंवा हातातली धमनी हे पर्यायही असतात. निरोगी शीर मात्र विनाकारण बंद करू नये. डॉप्लरचा आग्रह त्यासाठीही आहे.

११. उपचारानंतर किती दिवस घरी राहावे लागते? शिरा पुन्हा येतात का?

सुईच्या पद्धतींनंतर त्याच दिवशी चालायचे असते, आणि ते चालणे हाच गुठळी टाळण्याचा उपाय असतो. दुचाकी त्या दिवशी स्वतः चालवू नये. बैठे काम दोन-चार दिवसांत, तर उभ्याचे किंवा ओझ्याचे काम साधारण आठवडा-दोन आठवड्यांत सुरू होते. लांबचा विमानप्रवास किंवा रात्रभराचा बसप्रवास पुढील काही आठवडे टाळावा. अगदीच आवश्यक असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे.

शिरा पुन्हा येऊ शकतात. बंद केलेली शीर उघडल्याने ते घडते, तसेच आज निरोगी असलेली दुसरी शीर पुढे बिघडल्यानेही घडते. आनुवंशिक कल कोणत्याही यंत्राने जात नाही. पण व्रण टळणे आणि पुढची काही वर्षे पाय हलके राहणे हा लाभ मोलाचा आहे.

१२. मालिश, जळवा, काढे, योगासने यांनी शिरा जातात का?

निकामी झडप कोणत्याही तेलाने किंवा काढ्याने दुरुस्त होत नाही. हलक्या हाताने तेल लावल्याने कोरडी त्वचा मऊ राहते, हे चांगलेच आहे. परंतु दुखऱ्या, कडक झालेल्या शिरेवर जोराने मालिश करू नये, कारण आत गुठळी असू शकते. जळवा लावल्याने साचलेले थोडे रक्त जाते आणि काही काळ बरे वाटते, पण वरून येणारा उलटा प्रवाह तसाच राहतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी आणि मधुमेहींनी तो मार्ग घेऊ नये. ‘रक्त अशुद्ध झाले आहे’ ही भीती निराधार आहे. भिंतीला पाय टेकवून पंधरा मिनिटे पडून राहणे आणि रोज चालणे यांचा लाभ निश्चित होतो. डायॉस्मिनसारख्या गोळ्यांनी सूज व जडपणा काहीसा उतरतो, शिरा जात नाहीत.

१३. मी दरवर्षी वारीला जातो आणि मुलगी ढोल पथकात आहे. आम्ही हे सोडावे का?

सोडण्याचे कारण नाही. आळंदी किंवा देहूहून पंढरपूरपर्यंतची वाटचाल म्हणजे पोटरीला रोज मिळणारे कामच आहे. त्रास होतो तो तळावर आणि दर्शनबारीत तासन्‌तास एका जागी उभे राहिल्याने. स्टॉकिंग्ज चालताना घालावेत, भिजल्यास बदलावेत, विसाव्याच्या ठिकाणी पडशी पायांखाली घेऊन पाय उंच करावेत. घोट्याजवळ व्रण उघडा असेल किंवा पाय नुकताच लाल होऊन सुजला असेल, तर त्या वर्षी पायी वारी करू नये, कारण पावसात व चिखलात जखम चिघळते.

ढोल पथकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. कमरेला ढोल बांधून मिरवणुकीत एकाच चौकात बराच वेळ थांबावे लागते. कमरेचा पट्टा जांघेत रुतणार नाही असा बांधावा, थांबलेले असताना पाय जागच्या जागी हलवत राहावे आणि पाणी पीत राहावे. सिंहगड किंवा पर्वती चढण्याबद्दलही विचारले जाते. चढणे पोटरीसाठी उत्तमच आहे.

१४. गरोदरपणात शिरा फुगल्या आहेत. लगेच उपचार करावा का?

सहसा नाही. संप्रेरकांमुळे शिरा सैल होतात आणि वाढत्या गर्भाशयाचा ओटीपोटातील शिरांवर दाब येतो. प्रसूतीनंतर काही महिन्यांत यातले बरेच ओसरते, त्यामुळे तोवर स्टॉकिंग्ज, डाव्या कुशीवर झोपणे आणि चालणे यांवर भर देतात. योनिमार्गाच्या बाहेर शिरा फुगल्यास संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावे. एकच पाय अचानक सुजला तर मात्र थांबू नये. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो.

१५. कोणत्या रुग्णांच्या शिरा बंद करू नयेत, किंवा आधी अधिक तपासावे लागते?

ज्यांना पूर्वी खोल शिरेत गुठळी होऊन ती शीर अडलेली आहे, त्यांच्या वरवरच्या शिरा हा कधी कधी रक्ताचा पर्यायी रस्ता असतो आणि तो बंद केल्यास सूज वाढू शकते. जन्मापासून एका पायावर लाल-जांभळा डाग, पायाच्या बाहेरच्या बाजूने जाणारी मोठी शीर आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब किंवा जाड असणे, असे एकत्र दिसले तर जन्मजात दोषाचा विचार करावा लागतो. त्यात खोल शिरा अपुऱ्या असू शकतात. केवळ डावा पाय सुजत असेल, किंवा शिरा मांडीच्या वर पोटावर चढलेल्या दिसत असतील, तर ओटीपोटातील शिरांचा सीटी किंवा एमआरआय काढावा लागतो.

१६. शिरेतून अचानक रक्त वाहू लागले किंवा शीर लाल-कडक झाली तर काय करावे?

रक्त वाहू लागल्यास लगेच आडवे पडावे, पाय हृदयापेक्षा उंच करावा आणि स्वच्छ कापडाने त्या जागेवर किमान दहा मिनिटे सलग दाबून धरावे. वर मांडीला दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नये, त्याने रक्तस्राव वाढतो. हे बहुधा स्नानगृहात, गरम पाण्याने अंघोळ करताना घडते, आणि उभे राहून न्याहाळत बसल्यानेच बरेच रक्त जाते. ते थांबत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थांबले तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे.

शीर कडक, लाल व दुखरी झाली तर तीत गुठळी झालेली असते. ती जांघेजवळ असल्यास किंवा लांबवर पसरलेली असल्यास रक्त पातळ करणारी औषधे लागतात, त्यामुळे डॉप्लर त्याच दिवशी करावा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

१७. खर्च परवडत नसेल तर पुण्यात कोठे जावे? विमा मिळतो का?

ससून सर्वोपचार रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय येथील शल्यचिकित्सा बाह्यरुग्ण विभागात आधी दाखवावे. ईएसआयचे विमाधारक कामगार आपल्या दवाखान्यातून पुढे पाठवण्याची चिठ्ठी घेऊ शकतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे. खासगी आरोग्यविम्यात या आजारासाठी बहुधा पहिल्या दोन वर्षांची प्रतीक्षा असते, तर निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या बारीक रेषांच्या उपचाराचे पैसे मिळत नाहीत. म्हणून त्रासाची लक्षणे आणि डॉप्लरचा अहवाल कागदावर असणे महत्त्वाचे आहे.

१८. मुलगा सैन्यभरतीची तयारी करत आहे आणि त्याच्या पोटरीवर शिरा दिसतात. आधीच लेझर करून घ्यावे का?

घाई करू नये. सैन्य आणि निमलष्करी दलांच्या वैद्यकीय तपासणीत व्हेरिकोज व्हेन्स अपात्रतेचे कारण ठरू शकतात, आणि शस्त्रक्रिया झाल्यानंतरही पात्र ठरवले जाईलच असे नाही. मुळात धावणाऱ्या मुलाच्या पोटरीवरच्या शिरा अनेकदा निरोगी असतात (प्रश्न १ पाहावा). आधी उभ्याने डॉप्लर करावा. उलटा प्रवाह नसेल तर काही करण्याची गरज नाही. तो असेल, तर ज्या भरतीला जायचे आहे तिचे त्या वर्षीचे वैद्यकीय निकष वाचून, ते कागद हातात घेऊन व्हॅस्क्युलर सर्जनशी बोलावे.